वर्गाचं दार कोणासाठी उघडायचं?

शिक्षकांनी समाजमाध्यमांवर असावं की नसावं, हा वाद दोन्ही बाजूंनी वाईट लढवला जातो आहे. एक बाजू विचारते, शिक्षक रील्स बनवत बसले तर शिकवणार कधी? दुसरी बाजू एखाद्या व्हायरल व्हिडिओतल्या हसतमुख शिक्षिकेकडे बोट दाखवते आणि म्हणते, बघा, शिकवणं असं असतं. पहिलीला सरसकट बंदी हवी आहे, दुसरीला सगळ्यांनी त्या शिक्षिकेसारखं व्हायला हवं आहे. दोघींच्या डोळ्यांसमोरचा प्रेक्षक मात्र एकच आहे आणि तो शाळेबाहेरचा आहे: पालक, अधिकारी, लाइक देणारी अनोळखी माणसं. शेजारच्या किंवा शेकडो मैलांवरच्या शाळेत तोच धडा शिकवणारा दुसरा शिक्षक या वादात कुठेच दिसत नाही. मला वाटतं, सगळा प्रश्न त्या दुसऱ्या शिक्षकाचा आहे.

माझी भूमिका आधीच सांगतो. आपण काय शिकवलं, कसं शिकवलं आणि कुठे फसलं, हे इतर शिक्षकांसमोर मांडणं हा शिक्षकाच्या कामाचाच भाग आहे. ती हौस नाही, फावल्या वेळचा उद्योग नाही, प्रसिद्धी तर नाहीच नाही. आणि आज हे मांडण्यासाठी सामान्य शिक्षकाला कुणाची परवानगी न मागता मिळणारी जागा म्हणजे व्हॉट्सॲप-टेलिग्रामवरचे गट, फेसबुक, यूट्यूब. त्या जागेत दोष आहेत आणि ते गंभीर आहेत. त्यातले काही मी पुढे पूर्णपणे मान्य करणार आहे. पण दोष आहेत म्हणून जागाच बंद करा, हे म्हणणाऱ्यांनी आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं: मग शिक्षकानं शिक्षकाशी बोलायचं कुठे?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या भोवती दुसरे डॉक्टर उभे असतात. वकिलाचा युक्तिवाद निकालपत्रात उरतो आणि पन्नास वर्षांनी दुसरा वकील तो काढून वाचतो. शिक्षक मात्र दार लावून घेतो आणि पुढची चाळीस मिनिटं त्याचं काम जाणकाराच्या नजरेनं बघणारं कुणीही तिथे नसतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्येच शाळेच्या रचनेला अंड्यांच्या ट्रेची उपमा दिली होती: प्रत्येक शिक्षक आपल्या खळग्यात सुरक्षित आणि एकटा. पुढे १९८७ मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी खंत मांडली की अध्यापन हा सहकाऱ्यांच्या प्रेक्षकवर्गाशिवाय चालणारा व्यवसाय आहे, म्हणून त्याला स्वतःच्या कामाचा इतिहासच नाही. याचा व्यवहारातला अर्थ काय? तीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस निवृत्त होतो, तेव्हा मुलं कोणत्या प्रमेयाशी का अडखळतात, कोणती आकृती काढली की पटकन उमगतं, हे सगळं त्याच्याबरोबर घरी जातं. त्याच्या जागी येणारी तरुण शिक्षिका पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते, आणि तिची शिकायची वर्षं मुलांच्या वाट्याला येतात. इतकी मोठी नासाडी दुसऱ्या कुठल्या क्षेत्रानं चालवून घेतली असती?

एक उदाहरण जवळून बघू. पाचवी-सहावीच्या वर्गात फळ्यावर ०.८ आणि ०.३५ लिहा आणि विचारा, मोठी संख्या कोणती? बरीच मुलं ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस आठपेक्षा मोठे. ही चूक जगभरच्या वर्गांत सापडते. आता समजा, कुणी शिक्षकांच्या गटात विचारलं की ही चूक कशी काढू? पहिलं उत्तर बहुधा असं येईल: आठच्या पुढे शून्य लावायला सांगा, ०.८० आणि ०.३५, विषय मिटला. त्यावर कुणी म्हणेल, मिटला नाही. मूल शून्य लावायची युक्ती शिकलं, दशांश शिकलं नाही. दहा बाय दहा चौकटींचा कागद द्या आणि दोन्ही संख्या रंगवायला लावा. तिसरी व्यक्ती विचारेल, तुम्ही संख्या मोठ्यानं वाचता कशी? ‘पॉइंट पस्तीस’ म्हणत असाल तर चूक तुम्हीच पेरता आहात, ‘पॉइंट तीन पाच’ म्हणा. आणि कुणी अनुभवी शिक्षिका असेल तर ती सगळ्यांत मोलाची गोष्ट सांगेल: ज्यांचं उत्तर बरोबर आलं त्यांनाही तपासा. काही मुलांचा समज नेमका उलटा असतो. दशांशचिन्हानंतर अंक जास्त म्हणजे संख्या लहान, कारण शतांश दशांशापेक्षा लहान, असा त्यांचा हिशेब असतो. ती मुलं ०.८ मोठी म्हणतात आणि बरोबर ठरतात. त्यांना ०.३ आणि ०.४५ द्या, ती ०.३ मोठी म्हणतील.

या चार उत्तरांत गणिताच्या अध्यापनाचा एक अख्खा पाठ आहे. हे दोन्ही गैरसमज शिक्षणाच्या संशोधनात कधीच नोंदले गेलेले आहेत, पण ते संशोधन ज्या नियतकालिकांत छापलं जातं ती नियतकालिकं उद्या सकाळी पहिल्या तासाला उभं राहायचं असलेल्या शिक्षकाच्या हाती पडत नाहीत. गटावरचं उत्तर रात्रीच हाती पडतं. त्यात कुणाचा चेहरा नाही, संगीत नाही, नाच नाही. ‘शिक्षक आणि समाजमाध्यमं’ असं म्हटल्यावर लोकांच्या मनात जे चित्र उभं राहतं त्यात हा संवाद बसतच नाही, आणि म्हणूनच वाद भरकटतो.

मोबाइल हातात घेऊन शिक्षक तीन वेगळी कामं करतो आणि आपण तिन्हींना एकाच दावणीला बांधतो. वरिष्ठांना कळवणं हे एक काम: अमुक दिन साजरा केला, हे घ्या फोटो. जगाला दाखवणं हे दुसरं: आमची शाळा बघा, आमची मुलं बघा. आणि सहकाऱ्यांशी वाटून घेणं हे तिसरं: मी हे करून पाहिलं, एवढं जमलं, इथे अडलं, तुम्ही काय करता? शिक्षकांचा वेळ खाणारं काम पहिलं आहे आणि ते त्यांनी स्वतः होऊन अंगावर घेतलेलं नाही. मुलांना कॅमेऱ्यासमोर उभं करणारं काम दुसरं आहे. राग या दोन्हींचा येतो आणि बंदीची कुऱ्हाड तिसऱ्यावर पडते. गंमत म्हणून नाही, दुःखानं सांगतो: ‘मोबाइलमध्ये असतात’ म्हणून शिक्षकांना बोल लावणाऱ्या व्यवस्थाच कार्यक्रम संपायच्या आत फोटोंचा तगादा लावतात.

शिक्षकानं दुसऱ्या शिक्षकाशी दूरवरून बोलणं हे मोबाइलनं आणलेलं नवं खूळ आहे, असंही अनेकांना वाटतं. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाची गोष्ट त्यांनी वाचायला हवी. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, फ्रेने यांच्या फुप्फुसाला गोळी लागली. पुढे दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यात ते शिक्षक झाले, पण तासन्‌तास मोठ्यानं बोलत शिकवणं त्यांना झेपेना. १९२४ च्या सुमारास त्यांनी वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं स्वतःचे अनुभव लिहायची, खिळे जुळवायची, छापायची. दोनएक वर्षांत फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीमधल्या एका वर्गाशी त्यांची देवाणघेवाण सुरू झाली. डोंगराकडची मुलं आपलं गाव लिहून पाठवायची, समुद्राकाठची मुलं आपलं. त्याच टपालातून दोन्हीकडचे शिक्षकही एकमेकांपर्यंत पोचत होते: काय जमतंय, यंत्र कुठे अडतं, कोणती मुलं अजून लिहीत नाहीत. मग आणखी शिक्षक जोडले गेले, परिपत्रकं निघाली, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. कुठल्याही खात्यानं ती योजना आखलेली नव्हती. सरकारी निरीक्षकाच्या नजरेत नगण्य असलेल्या खेड्यांतल्या शिक्षकांनी टपालाच्या आधारानं एक शिक्षणपद्धती घडवली, जी आजही अनेक देशांत जिवंत आहे. टपालाच्या जागी टेलिग्राम आलं म्हणून तीच कृती अचानक उनाडकी कशी ठरते?

पण फ्रेने यांच्याच आयुष्यात विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दाही आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. १९३२ मध्ये ते सें-पोल या गावात शिकवत होते. तिथल्या एका मुलानं आपलं स्वप्न लिहिलं: वर्ग महापौराविरुद्ध उठला आणि स्वप्नात त्या मुलानं महापौराला ठार मारलं. मुलाच्या वहीतला तो मजकूर वर्गाच्या छापील अंकात आला. फ्रेने यांच्या विरोधकांनी तो उचलला आणि त्याचे फलक गावाच्या भिंतींवर लावले. गदारोळ इतका वाढला की अखेर फ्रेने यांना ती शाळा सोडावी लागली आणि त्यांनी स्वतःची शाळा काढली. मोठ्यांच्या भांडणात एका मुलाचं स्वप्न पुरावा म्हणून भिंतीवर चिकटवलं गेलं. तेव्हा ते गावाच्या भिंतींवरून फार तर वर्तमानपत्रांपर्यंत गेलं. आज मुलाचा रडतानाचा, चुकीचं उत्तर देतानाचा, तोतरं बोलतानाचा व्हिडिओ किती भिंतींवर जाईल आणि किती वर्षं राहील, हे तो टाकणाऱ्याला ठाऊक नसतं. ते मूल वीस वर्षांनी नोकरी मागायला जाईल तेव्हाही तो सापडू शकेल.

म्हणून या बाबतीत मी बंदीवाल्यांच्याही पुढे जाईन. मुलाचा चेहरा, नाव, आवाज, गुण, घरची परिस्थिती यातलं काहीही शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर जाऊ नये. पालकांनी होकार दिला तरी नाही, कारण शाळेनं मागितलेला होकार नाकारण्याची हिंमत अनेक पालकांत नसते, आणि मुलाला तर कुणी विचारतच नाही. ‘गरीब मुलाला वही देताना’ हा फोटो मला विशेष खटकतो. त्या वहीची किंमत त्या मुलानं आपल्या अब्रूनं मोजलेली असते. पण हे सगळं मान्य केल्यावर शिक्षकांच्या देवाणघेवाणीतलं नेमकं काय कमी होतं? वरच्या दशांशाच्या उदाहरणात मूल कुठे होतं? चूक होती, तिचं कारण होतं, उपाय होते. वहीतली चूक स्वतःच्या अक्षरात उतरवून मांडली तर दुसऱ्या शिक्षकाला तेवढी पुरते. मुलं वगळली की जे उरतं तेच खरं वाटून घेण्यासारखं असतं; काहीच उरत नसेल, तर ती मुळात देवाणघेवाण नव्हती, प्रदर्शन होतं. मुलांची ढाल करून शिक्षकांनाही गप्प करणारे नियम मला म्हणूनच मान्य नाहीत. मुलांना कॅमेऱ्यापासून वाचवा, शिक्षकांना एकमेकांपासून वाचवायची गरज नाही.

दुसरा आक्षेप कचऱ्याचा. समाजमाध्यमांवरून अर्धवट, चुकीचं, कधी धडधडीत खोटं ज्ञान पसरतं. खरं आहे. ‘वाचलेलं दहा टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं वीस टक्के, करून पाहिलेलं नव्वद टक्के’ असा त्रिकोण शिक्षकांच्या गटांत सतत फिरत असतो. त्याच्याशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९४६ मध्ये अनुभवाचा शंकू, म्हणजे प्रत्यक्ष अनुभवापासून निव्वळ शब्दांपर्यंतची उतरंड, मांडली होती, पण त्यात एकही टक्केवारी नव्हती. ते गोल गोल आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. तसंच ‘हे मूल दृश्य पद्धतीनं शिकणारं, ते श्राव्य पद्धतीनं’ या वर्गीकरणाचं. मानसशास्त्रज्ञ हेरल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा अशा वर्गवारीनुसार शिकवल्यानं मुलं जास्त शिकतात याला पुरेसा आधार सापडला नाही. तरी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या नव्वद टक्क्यांहून अधिक शिक्षकांचा त्यावर विश्वास असल्याचं दिसलं.

पण हा विश्वास आला कुठून? डेल यांच्या शंकूला आकडे चिकटले तेव्हा इंटरनेट जन्मालाही आलं नव्हतं. हे समज प्रशिक्षणवर्गांतून, पुस्तिकांतून, व्यासपीठावरच्या तज्ज्ञांच्या तोंडून दशकानुदशकं पसरत राहिले. प्रशिक्षणवर्गात मागच्या बाकावरचा शिक्षक उठून ‘या आकड्यांना आधार काय?’ असं विचारतो का? विचारलं तर त्याला उत्तर मिळतं का? गटात निदान उत्तर देता येतं. चुकीच्या पोस्टखाली कुणीतरी मूळ संदर्भ आणून ठेवू शकतं. मला माहीत आहे की दुरुस्ती चुकीइतकी दूर जात नाही. मूळ चित्र हजारोंनी पाहिलेलं असतं आणि खुलासा मोजक्यांनी. हा तोटा खरा आहे आणि त्यावर रामबाण उपाय माझ्याकडे नाही. पण ज्या जागेत चूक दाखवता येते ती सोडून, ज्या जागेत चूक दाखवताच येत नाही तिकडे परत जाणं हा उपाय नक्कीच नाही.

कचऱ्यापेक्षा मला भीती वाटते ती चांगल्या कल्पनेच्या तुटक्या प्रवासाची. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मगुरू १७८९ पासून मद्रासमध्ये लष्करी अनाथ मुलांची शाळा सांभाळत होता. एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यानं पाहिली. आपल्या शाळेत तेच करावं असं त्याला वाटलं, पण त्याचे शिक्षक तयार होईनात. मग त्यानं एका आठ वर्षांच्या मुलालाच लहान मुलांना शिकवायला बसवलं. ते जमलं. १७९७ मध्ये त्यानं लंडनमध्ये हा प्रयोग छापला. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर हा इंग्रज शिक्षक लंडनमध्ये तसंच काही करत होता. पुढच्या काही दशकांत ही पद्धत युरोप, अमेरिका, आफ्रिकेपर्यंत गेली. पण जाताना काय गेलं? एका मुलानं दुसऱ्याला जवळ बसून शिकवणं मागे पडलं. एका शिक्षकात शेकडो मुलं स्वस्तात बसवता येतात, हा हिशेब पुढे गेला. प्रचंड दालनं, घंटा, हुकूम, एका सुरातली घोकंपट्टी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खुद्द ब्रिटननं ती पद्धत मागे टाकली. कल्पना समुद्र ओलांडून गेली, पण ती कोणत्या अडचणीतून आणि किती मुलांसाठी निघाली होती, हे बंदरावरच राहिलं.

आजचं तीस सेकंदांचं व्हिडिओतलं शैक्षणिक साहित्य नेमकं असंच प्रवास करतं. कागदी चकती फिरते, मुलं टाळ्या वाजवतात, खाली शेकडो ‘खूप छान सर’. चकती बनवायला किती वेळ लागला? मुलांना आधी काय येत होतं? दुसऱ्या दिवशी चकतीशिवाय तेच उदाहरण दिलं तेव्हा किती जणांना आलं? वर्गात पंचवीस मुलं होती की पासष्ट? हे विचारणारा ‘नकारात्मक’ ठरतो. आमच्या शिक्षकी जगातला हा खोटा गोडवा मला बंदीइतकाच घातक वाटतो. ‘खूप छान’ म्हणणं म्हणजे सहकाऱ्याचं काम न बघताच पुढे जाणं आहे.

याला पर्याय कसा दिसतो ते जपानमध्ये पाहायला मिळतं. तिथले शिक्षक शंभरहून अधिक वर्षं पाठाचा एकत्र अभ्यास करत आले आहेत. काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, त्यातला एक तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलांच्या वह्यांत काय चाललंय ते टिपतात. नंतर चर्चा होते, पाठ सुधारला जातो आणि त्याचा अहवाल लिहिला जातो. त्या अहवालात मुलं काय म्हणतील याचा अंदाज आधी लिहिलेला असतो आणि ती प्रत्यक्षात काय म्हणाली तेही. समाजमाध्यमावर पाठ टाकताना एवढी शिस्त सगळ्यांना झेपणार नाही, मान्य. पण इयत्ता, मुलांची संख्या, आधीची तयारी आणि न जमलेला भाग एवढ्या चार ओळी लिहायला काय हरकत आहे? त्यातली ‘न जमलेला भाग’ ही ओळ मी सर्वांत वर ठेवीन. दुसऱ्याच्या यशाची हुबेहूब नक्कल क्वचितच होते, पण तो कुठे अडखळला ते कळलं तर आपला एक तास नक्की वाचतो.

दिखाव्याच्या आक्षेपावर वेगळं लिहायची फारशी गरज उरत नाही. तो खरा आहे आणि त्याचं नुकसान मोजलंही गेलं आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या एका छोट्या प्रयोगात, भिंती चित्रांनी आणि तक्त्यांनी गच्च भरलेल्या खोलीत बालवर्गातल्या मुलांचं लक्ष जास्त विचलित झालं आणि शिकणंही कमी झालं. साध्या खोलीत उलट. कॅमेऱ्यात सुंदर दिसणारा वर्ग आणि शिकायला बरा वर्ग एकच असेल असं नाही. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ रंगरंगोटी वाचेल आणि शिक्षकांच्या, विशेषतः शिक्षिकांच्या, मनावरचं तुलनेचं ओझंही हलकं होईल.

श्रेयाचा आणि पैशाचा मुद्दा मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेत २००६ मध्ये एका शिक्षकानंच ‘टीचर्स पे टीचर्स’ हे संकेतस्थळ सुरू केलं, जिथे शिक्षक स्वतः बनवलेलं साहित्य एकमेकांना विकतात. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो: शिक्षक ज्ञान विकतो? मला विकण्यात पाप दिसत नाही. रात्री जागून सराव-कागद बनवणाऱ्याला त्याचा मोबदला का मिळू नये? पण विक्रीचा एक परिणाम होतो. जे देखणं ते खपतं, आणि आपलं साहित्य कुठे कमी पडतं हे कुणी विक्रेता पानावर लिहीत नाही. म्हणून मोकळ्या देवाणघेवाणीची वाट जिवंत राहायला हवी. ‘मुक्त शैक्षणिक संसाधनं’ ही संकल्पना २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत पुढे आली, क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने त्याच वर्षी निघाले, आणि २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेनं त्याबद्दलची शिफारस स्वीकारली. वापरा, बदला, वाटा, फक्त मूळ कर्त्याचं नाव ठेवा, एवढाच त्यातल्या सर्वांत परिचित परवान्याचा गाभा. प्रत्यक्षात आपल्या गटांत काय होतं? एकाची प्रश्नपत्रिका दुसऱ्याचं नाव लागून तिसऱ्या गटातून मूळ कर्त्याकडेच परत येते. ज्याच्यावर असा प्रसंग आला तो पुढच्या वेळी गप्प राहतो. या चोरीला आपण ‘शेअरिंग’ म्हणत राहिलो, तर देणारे हात आखडतील आणि त्यांना दोष देता येणार नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत कमी चर्चिला जाणारा वाटतो: ही जागा शिक्षकांची नाहीच. ती कंपन्यांची आहे. खास शाळांसाठी बनलेलं एडमोडो हे व्यासपीठ २००८ मध्ये सुरू झालं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं. गूगल प्लसवरचे गट २०१९ मध्ये गेले. व्हॉट्सॲपचं तर काही बंद पडायचीही गरज नाही. तिथला उत्तम संवाद आठवडाभरात सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो आणि नव्यानं आलेल्या सदस्याला तो सहसा दिसत नाही. म्हणजे जे ज्ञान निवृत्तीबरोबर घरी जातं म्हणून मी वर हळहळलो, तेच इथे वेगळ्या वाटेनं हरवतं. हा आक्षेप मी मान्य करतो, पण तो जागा सोडण्याच्या बाजूनं जात नाही. तो जे चांगलं तिथे घडतं ते उचलून नीट ठेवण्याच्या बाजूनं जातो. गटातली दशांशावरची चर्चा कुणीतरी दोन पानांत उतरवली, तारीख घातली, बोलणाऱ्यांची नावं त्यांना विचारून घातली आणि ती शाळेच्या, शिक्षक संघटनेच्या किंवा विद्यापीठाच्या संग्रहात ठेवली, तर फ्रेने यांच्या परिपत्रकांसारखी ती उरेल. संघटनांनी वेतनाच्या प्रश्नांइतकंच हेही आपलं काम मानावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा? इथे मी शिक्षकांना उपदेश करणार नाही. देवाणघेवाण हा कामाचा भाग आहे असं मी म्हणतो, तेव्हा ती कामाच्या तासांत बसली पाहिजे हे ओघानंच येतं. जपानी शिक्षकांचा पाठ-अभ्यास रात्री साडेदहाला, स्वयंपाक आणि वह्या आटोपल्यावर, मोबाइलच्या पडद्यावर चालत नाही. तो शाळेच्या वेळापत्रकात असतो. मुख्याध्यापकांनी आठवड्याचा एक तास यासाठी मोकळा ठेवला आणि फोटोंसह अहवाल मागणं तेवढंच कमी केलं, तर एक रुपयाही जास्त लागणार नाही. त्या तासात शिक्षकानं आपल्या नावानं, शाळेच्या नावानिशी प्रश्न विचारावा, आणि ‘एवढंही येत नाही का?’ असं त्याला कुणी वरून विचारणार नाही, याची लेखी हमी असावी. या हमीशिवाय बाकी सगळ्या सूचना वाया आहेत. आज गटांत कल्पनांचे फोटो भरपूर येतात आणि प्रश्न फार थोडे, याचं कारण शिक्षकांना प्रश्न पडत नाहीत हे नाही. वरिष्ठही त्याच गटात असतात. सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेली शिक्षिका ‘माझ्या वर्गातली अकरा मुलं अजून वाचत नाहीत, मी काय करू?’ असं तिथे लिहिणार नाही, आणि ज्या शिक्षिकेकडे याचं उत्तर आहे तिला तो प्रश्न कधी दिसणारच नाही.